गावाचं पान गावानंच लिहायचं

(कोल्हापूर इथं ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात वनगावांच्या कार्यकर्त्यांचं शिबीर झालं. त्यातल्या एका भाषणाचा हा मजकूर. वाडीवस्तीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवावा.)



आज बोलायचं आहे ते एका साध्या गोष्टीवर. सरकार आपल्याला "विचारतं" म्हणजे नेमकं काय करतं? आणि विचारायची दुसरी एक तऱ्हा जगात आहे, तिला विकी म्हणतात, ती काय आहे? नाव शहरी वाटेल. पण सवाल आपल्या रानाचा, वाटेचा, पाण्याचा आहे. म्हणून ऐका, आणि न पटलं तर मध्येच थांबवा.

आधी आत्ताची गोष्ट सांगतो. ३१ जुलै २०२४ या तारखेची केंद्र सरकारची मसुदा अधिसूचना निघाली आहे. पश्चिम घाटातला ५६,८२५.७ चौरस किलोमीटर भाग पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र करायचा, असं त्यात आहे. आपल्याकडे लोक याला "इको सेन्सिटिव्ह" म्हणतात. सहा राज्यं त्यात येतात. महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगड या आपल्या तालुक्यांतली गावं यादीत आहेत. हरकती आणि सूचना द्यायला ६० दिवस. म्हणजे आता हातात महिनाभर उरला.

हा पहिला मसुदा नव्हे. २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि आता २०२४. हा सहावा. दहा वर्षांत सहा वेळा आपल्याला "विचारलं". आता सांगा, या सहांपैकी एक तरी मसुदा ज्यांनी वाचलाय किंवा वाचताना ऐकलाय, त्यांनी हात वर करा. (सभेत तीन हात वर झाले.)

तीन हात. आणि सरकारच्या कागदावर मात्र जनतेला सहा वेळा विचारलेलं आहे. दोष या तीन हातांचा नाही, न उठलेल्या हातांचाही नाही. दोष विचारायच्या तऱ्हेचा आहे.

विकी म्हणजे उघडी वही

विकी म्हणजे संगणकावरची एक वही. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसानं ती पहिल्यांदा केली. विकी हा शब्द हवाई बेटांवरच्या लोकांच्या भाषेतला. म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा शब्द. अर्थ, झटपट. या वहीतलं पान कुणीही उघडून वाचू शकतो, त्यात भर घालू शकतो, चुकलेलं दुरुस्त करू शकतो. विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ पासून असाच लिहिला जातो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे.

आता कुणी म्हणेल, कुणीही लिहायचं म्हणजे गोंधळ. पण खरी गोम पुढं आहे. प्रत्येक पानाच्या मागं त्याचा इतिहास ठेवलेला असतो. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं दिसतं. कुणी खोडसाळपणा केला तर मागचं पान परत आणता येतं. आणि शेजारी चर्चेचं पान असतं. हे का काढलं, ते का घातलं, याची भांडणं तिथं उघड्यावर होतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर दूध संस्थेची वही आठवा. सकाळी किटली घेऊन जातो. किती लिटर, किती फॅट, तिथंच समोर लिहिलं जातं. तोच आकडा आपल्या कार्डावर पण येतो. महिन्यानं बिलात काही कमी आलं तर मावशी कार्ड घेऊन उभी राहते, "ह्या तारखेला माझं चार लिटर हाय, इथं तीन कसं?" सचिवाला उत्तर द्यावं लागतं. का? कारण नोंद दोघांकडं आहे. आता समजा सचिव म्हणाला, तुमचं दूध पेटीत टाका, आम्ही आत मोजू, बिल आल्यावर कळेल. कोण टाकेल?

हरकती आणि सूचना म्हणजे ती पेटी आहे. आत टाकायचं. आत काय झालं ते दिसत नाही. शेजारच्या गावानं काय टाकलं ते दिसत नाही. आपलं का मानलं नाही ते कुणी सांगत नाही. पुढचा मसुदा येतो तेव्हा आपला कागद त्यात कुठं आहे, हे शोधूनही सापडत नाही.

म्हणून विकीतल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, मजकूर सगळ्यांना दिसतो. दोन, सगळ्यांना लिहिता येतं. तीन, कुणी काय बदललं त्याची नोंद राहते. चार, खोडलं तर कारण द्यायची रीत असते. संगणक असो वा नसो, या चार गोष्टी जिथं आहेत तिथं विचारणं खरं आहे.

सरकारांनी हे केलंय

हे काही स्वप्न नव्हे. न्यूझीलंड देशात पोलिसांचा १९५८ चा जुना कायदा बदलायचा होता. २००७ च्या सप्टेंबरात तिथल्या पोलीस खात्यानं नव्या कायद्यासाठी विकीचं पान उघडलं आणि लोकांना सांगितलं, तुम्हाला कसा कायदा हवा ते यात लिहा. बघा, पोलीस खातं म्हणतंय! लोकांनी लिहिलं. नवा कायदा २००८ साली झाला. लोकांनी लिहिलेलं सगळं कायद्यात आलं असं नाही, शेवटचा शब्द त्यांच्या संसदेचाच राहिला. पण लोकांनी काय लिहिलं होतं ते सगळ्या जगाला दिसलं. २००८ सालीच ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या पालिकेनं शहराच्या पुढच्या आराखड्याचा मसुदा विकीवर ठेवला, आणि नागरिकांना थेट त्या मसुद्यात बदल करू दिले.

सरकारी खाती आपसातही अशी वही वापरतात. अमेरिकेच्या गुप्तहेर संस्था एकमेकींपासून माहिती लपवायच्या. त्यांनी २००६ च्या सुमारास आपल्यापुरता एक विकी सुरू केला, इंटेलिपीडिया नावाचा. गुप्तहेर एका वहीत लिहू शकतात. आणि आपल्याकडं? एकाच जमिनीबद्दल वन खात्याचा नकाशा एक सांगतो, तलाठ्याचा सातबारा दुसरं सांगतो, वनहक्काच्या दाव्याच्या फाईलीत तिसरंच असतं. तिन्ही कार्यालयं तालुक्याच्या एकाच गावात, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. आणि हा तिढा सोडवायला हेलपाटे कोण मारतं? आपला म्हातारा, एसटीचं तिकीट काढून.

आपल्या देशातही प्रयत्न झालेत. केंद्र सरकारचं विकासपीडिया २०१४ पासून आहे, मराठीतही आहे. नाव नोंदवून कुणीही त्यात माहिती घालू शकतो, तपासून ती घेतली जाते. त्यात योजनांची माहिती मिळते, पोरांनी ती गावात वाचून दाखवावी. पण तिथं आपल्याला माहिती लिहिता येते, निर्णय नाही. मायगव्ह नावाचं सरकारी व्यासपीठ पण २०१४ चं. तिथं मत देता येतं. पण मत देणं वेगळं आणि मसुद्याच्या ओळीवर बोट ठेवून "ही ओळ अशी हवी" म्हणणं वेगळं.

पश्चिम घाटाचं काय झालं

आता आपल्या घाटाची गोष्ट तारखांनिशी सांगतो, कारण तारखा पाठ असल्या की साहेबासमोर बोलताना जीभ अडखळत नाही.

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारनं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी त्यांनी अहवाल दिला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की आम्ही आखलेल्या सीमा शेवटच्या नाहीत, खालून, ग्रामसभांपासून चर्चा होऊन त्या ठरवाव्यात. म्हणजे विकीचीच रीत. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी तर आपणहून ठराव केले होते, की आमचा भाग संवेदनशील म्हणून राखा. त्यांच्या डोळ्यांसमोर खाणी येत होत्या.

मग काय झालं? अहवाल दडवून ठेवला. महिन्यामागून महिने गेले. माहितीच्या अधिकारात मागितला तर मंत्रालय नाही म्हणालं. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं अहवाल उघड करा असा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ रोजी न्यायालयानं पण सांगितलं, उघड करा. तेव्हा कुठं त्याच महिन्यात अहवाल बाहेर आला. शेकडो पानांचा, आणि इंग्रजीत. ग्रामसभांनी वाचायचा अहवाल, ग्रामसभेला न कळणाऱ्या भाषेत!

मग ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट. त्यांनी एप्रिल २०१३ ला अहवाल दिला. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले, निसर्गाचा भाग आणि माणसांच्या वापराचा भाग. ज्या गावाच्या हद्दीत संवेदनशील भाग २० टक्के किंवा जास्त भरला, ते अख्खं गाव यादीत. आजचे मसुदे याच यादीवरून आलेत.

आता विचार करा. आकाशातून बघणाऱ्याला रान दिसतं, रानातली वाट कुणाची ते दिसत नाही. हिरडा कोण गोळा करतं, मध कुठल्या कड्याचा, कुठल्या झऱ्यावर म्हशी नेतात, देवराई कुठल्या देवीची, हे दिसत नाही. यादीत गावाचं नाव असतं, धनगरवाड्याचं नसतं. मूळ गाव खाली दरीत, वाडा वर सड्यावर, मध्ये तासाची चढण. दोघांना एकच नियम, आणि विचारणं झालंच तर खालच्या गावाला.

हे उपग्रहाचं चित्र जर विकीसारखं उघडं असतं, तर वाड्यावरच्या पोरानं तिथं लिहिलं असतं, "इथं आमची बारा घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या आहेत." आणि कुणी ते खोडलं असतं, तर खोडणाऱ्याचं नाव दिसलं असतं.

दुसरं. मसुदा वाचला नाही की अफवा वाचली जाते. फोनवर फिरतं, घराची कौलं बदलता येणार नाहीत, शेती बंद, सगळ्यांना उठवणार. चांदोलीच्या वेळेला माणसं उठवलेली आपण बघितलीत, म्हणून भीती खरी वाटते. पण मसुद्यात बंदी कशावर आहे ते ऐका. खाण, दगडखाण आणि वाळू उपशावर पूर्ण बंदी. चालू खाणी पाच वर्षांत किंवा परवाना संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा बंद. नवीन औष्णिक वीज प्रकल्प नाही. अतिप्रदूषण करणारे, लाल वर्गातले नवे कारखाने नाहीत. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची नवी बांधकामं नाहीत. मोठ्या नव्या वसाहती नाहीत. आपल्यापैकी कुणाचं घर २०,००० चौरस मीटरचं आहे?

मग अफवेचा फायदा कुणाला? ज्याला बॉक्साईट काढायचं आहे त्याला. ज्याला डोंगर फोडून बंगल्यांची वसाहत करायची त्याला. तो स्वतः पुढं येत नाही, आपल्याला पुढं करतो. आपण बॅनर धरतो, त्याची खाण वाचते.

पण याचा अर्थ मसुदा आहे तसा डोळे मिटून मान्य करा, असं आम्ही म्हणत नाही. आपली भीती पण खोटी नाही. अभयारण्याच्या नावानं गुरं अडवली गेलीत, सरपणाची मोळी उतरवून घेतली गेलीय. उद्या "संवेदनशील" हा नवा शिक्का घेऊन कुणी रानात उभा राहिला तर? म्हणून आपली मागणी साधी आहे. आधी वनहक्कांचे दावे निकाली काढा, मग क्षेत्र जाहीर करा, आणि राखणीचा अधिकार ग्रामसभेला द्या. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, पाणी, जैवविविधता राखायचा अधिकार दिलेलाच आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईतो उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. हे आपण मसुद्यावर लिहून द्यायचं.

शेजारी काय घडलं

शेजारचं गोवा बघा. २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी आंदोलन करून २००७ च्या जानेवारीत मागं घ्यायला लावला. मग चार्ल्स कोरिया वगैरे जाणकारांच्या गटानं नवा आराखडा केला, २०२१ सालापर्यंतचा. त्यात गावागावाचे नकाशे गावांकडं पाठवले. गावांच्या समित्यांनी बसून ओढा कुठला, शेत कुठलं, टेकडी कुठली ते तपासलं, चुका दाखवल्या. कागदावर केलेला विकीच तो. गाडगीळांच्या अहवालानं पण या कामाचं उदाहरण दिलं. पण नकाशे अंतिम होताना गावांच्या बऱ्याच सूचना बाजूला पडल्या, लोक चिडले, आणि २०१२ मध्ये सरकारनं आराखडाच थांबवून ठेवला. यातून शिकायचं ते हे, की नुसतं लिहायला देणं पुरत नाही. लिहिलेलं खोडलं तर कारण द्यायचं बंधन पाहिजे.

आणि गडचिरोलीचं मेंढा (लेखा). सामूहिक वनहक्क २००९ साली मिळवणारं देशातलं पहिल्या गावांपैकी एक, १,८०० हेक्टरच्या वर जंगल. तिथं अभ्यास गट बसतात, विषय समजून घेतात, आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचीही हरकत असली तर पुन्हा बसतात. मेंढ्यात हे सुरू झालं तेव्हा कुणाच्या घरात संगणक नव्हता. पण चारही गोष्टी होत्या.

ओडिशातल्या नियमगिरीचं तर सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारलं. बाराच्या बारांनी बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हटलं. खाण थांबली. तिथं विचारणं खरं होतं, कारण वही ग्रामसभेच्या हातात होती.

कायदा काय म्हणतो

साहेब म्हणेल, हे सगळं बाहेरदेशी चालतं, इथं अशी तरतूद नाही. तेव्हा हे सांगायचं. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४. महत्त्वाचं धोरण ठरवताना सगळी माहिती प्रसिद्ध करायची, हे ४(१)(ग) मध्ये आहे. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यायची, हे ४(१)(घ) मध्ये आहे. माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा, हे ४(४) मध्ये आहे. शिवाय कायदा करण्याआधी लोकांशी सल्लामसलत करायचं केंद्राचं धोरण २०१४ च्या सुरुवातीला ठरलंय. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोप्या भाषेत टिपण द्यायचं, आणि लोकांनी काय म्हटलं त्याचा गोषवारा प्रसिद्ध करायचा, असं त्यात आहे.

भाषेबद्दल न्यायालयाचा आदेश पण आहे. २०२० साली लॉकडाऊनमध्ये केंद्रानं प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीच्या नियमांचा नवा मसुदा आणला. इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत भाषांतर करा, आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. मराठी त्यात आली. कातकरी, गोंडी, भिली त्यात नाहीत, ती लढाई अजून बाकी आहे.

आणि एक वही तर सरकारनं गावाला आधीच दिलेली आहे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं ती ३१ जानेवारी २०२० पर्यंत पुरी करायला सांगितली होती. मुदत आली तशी बऱ्याच ठिकाणी घाईनं वह्या भरल्या गेल्या. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, ठाऊक आहे? वही कुणी लिहिली? (सभेत हशा.) सोमवारी जाऊन मागा. ती वही वेळोवेळी उघडायची, सुधारायची असते. कपाटात ठेवायची नसते.

आता आपण करायचं काय

रेंज नाही, लाईट जाते, म्हणून थांबायचं कारण नाही. वही, पेन आणि चावडीची भिंत पुरे. प्रत्येक वाडीनं आपलं "गावाचं पान" करायचं. कसं, ते सांगतो.

पहिलं, वाचन. मसुद्याचा मराठी मजकूर वाडीवर मोठ्यानं वाचायचा. एका बैठकीत नाही झालं तर दोन बैठका. जी ओळ कळली नाही तिच्याखाली रेघ मारायची.

दुसरं, मोठ्या कागदावर पान लिहून भिंतीला लावायचं. गावाचं नाव, आणि त्याखाली प्रत्येक वाडी, पाडा, धनगरवाडा नावानिशी. घरं किती. गुरं कुठं चरतात. हिरडा, शिकेकाई, मध, करवंद, बांबू कुठून आणतो. झरे कुठले, बारमाही कुठले. देवराई कुठली. वनहक्काचे दावे किती केले, किती पडून. कुठं खाण नको, आणि कशाला अडथळा नको. आठ दिवस पान भिंतीवर राहू द्या. जाता-येता लोक बघतील, म्हणतील, "हे चुकलंय, तो झरा शिमग्यालाच आटतो."

तिसरं, खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी तारीख, नाव आणि कारण. ज्याला लिहिता येत नाही तो बोलेल, पोरं लिहितील, आणि लिहिलेलं त्याला परत वाचून दाखवतील. पान फाडायचं नाही, नवं लिहिलं तर जुनं मागं टाचायचं. उद्या बाहेरचा कुणी येऊन ठराव बदलून गेला, तर जुनं पान साक्षीला उभं राहतं.

चौथं, बायकांची बैठक आधी. पाण्याचं, सरपणाचं, रानभाजीचं खरं त्यांना माहीत. महिला सभा घेऊन त्यांचं म्हणणं पानावर आलं की मग ग्रामसभा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, हे २०१२ च्या दुरुस्त नियमात आहे.

पाचवं, धनगरवाडा खालच्या गावापासून लांब असेल तर वाड्याची वेगळी ग्रामसभा मागायची. वनहक्क कायद्यात गावाच्या व्याख्येत जुनी वस्ती आणि मोजणी न झालेलं गाव पण येतं, सरकारी यादीत असो वा नसो. अशा वस्त्यांची यादी करून ठराव करायचा आणि उपविभागीय समितीला पाठवायचा, हे नियम २ क मध्ये आहे. आपल्या जिल्ह्यात आदिवासी थोडे, गवळी धनगर आणि इतर वननिवासी जास्त. कायदा दोघांनाही आहे. एकमेकांची पानं एकत्र ठेवली तर दोघांची ताकद आहे.

सहावं, ठराव आणि पानाच्या तीन प्रती. एक दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाला रजिस्टर पोस्टानं. एक जिल्हाधिकाऱ्यांना. एक गावात. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. आम्हाला एका कार्यालयात सांगितलं होतं, "ठेवून जा, शिक्का नंतर." आम्ही दारात बसलो, दुपारच्या चहानंतर शिक्का मिळाला. आवक क्रमांक पानावर लिहून ठेवा.

सातवं, गावांनी एकमेकांची पानं वाचायची. एका गावानं लिहिलेला झरा दुसऱ्या गावाच्या हद्दीत असतो. आपसात बसून मिटवा, मिटेपर्यंत दोन्ही म्हणणी लिहून ठेवा. सगळ्या पानांची एक जाडी वही बांधून आपण जिल्ह्याला देऊ. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींनी फोनवर प्रत्येक पानाचा फोटो तारखेनिशी काढून ठेवायचा. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान असेल तर तेही वाचा, चुकलेलं सुधारा. पण ध्यानात असू द्या, तिथं प्रसिद्ध झालेला पुरावा मागतात, आजीचं तोंडी सांगणं तिथं चालत नाही. वनहक्काच्या दाव्यात मात्र वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. म्हणून आपल्या पानाला जास्त किंमत आहे.

आणि एक सावधगिरी. सगळंच उघडं करायचं नसतं. कुठल्या मुळीनं काय बरं होतं, मधाची पोळी नेमकी कुठल्या कड्याला, हे गावातल्या वहीत राहू द्या. बाहेर द्यायच्या पानात फक्त "इथं आमचं औषधी रान आहे" एवढं लिहा. काय सांगायचं आणि काय राखायचं, हे ठरवायचा हक्क पण आपलाच.

कुणी विचारेल, एवढं करून सरकार मानेल का? मानेलच असं आम्ही सांगत नाही. पण सातवा मसुदा आला तर आपण विचारू, आमच्या पानावरची ही ओळ तुमच्या मसुद्यात का नाही? कारण लिहून द्या. आवक क्रमांक हा, तारीख ही, ग्रामसभा ही, सह्या-अंगठे हे. आजवर आपल्याकडं तक्रार होती. आता नोंद असेल. तक्रारीला आश्वासनावर भागवता येतं, नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

सरकारकडं पण आपली मागणी आहे, ती शिबिराच्या ठरावात घेऊ. मसुदा मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवा. गावाचा नकाशा गावात लावा आणि त्यावर दुरुस्ती लिहू द्या. कुठल्या गावानं काय म्हटलं ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा. न मानलेल्या प्रत्येक सूचनेचं कारण द्या. हे चारही होईपर्यंत ६० दिवसांचं घड्याळ थांबवा.

येत्या रविवारी प्रत्येक वाडीवर पहिलं वाचन. पुढच्या रविवारपर्यंत पान भिंतीवर. त्यानंतरच्या आठवड्यात ग्रामसभा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टात. कोण कुठल्या वाडीवर जाणार त्याची यादी जेवणाच्या आधी इथंच करू. नाव सांगा, आम्ही फळ्यावर लिहितो, आणि चुकीचं लिहिलं तर खोडा, पण कारण सांगून!

आमच्या गावाचं पान, आम्हीच लिहिणार!
ग्रामसभा जिंदाबाद!
जोहार!